प्रश्न विचारल्यावर

मस्कतमध्ये पीएचडी करणाऱ्या मेरिलचा पाय कायम दोन डगरींवर. सकाळी शहरातल्या वादी कबीर भागातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला शिकायचं आणि दुपारी प्रयोगशाळेत खारफुटीची पानं कापत बसायचं. आजही मागच्या बाकावरून तिचा तास बघणाऱ्या मार्गदर्शक बाईंनी तेच ऐकवलं, "प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देऊन टाकतेस. विचारल्यावर जरा गप्प राहायला शीक गं!"

संध्याकाळी अझैबा भागातल्या आपल्या घरी तिने सोफ्यावर अंग टाकलं, तोच पाचशे किलोमीटरवरच्या दुक्म बंदराच्या साईटवरून नवऱ्याचा, ऑस्टिनचा फोन आला.

"या गुरुवारी येतोयस?" तिने विचारलं. 'काम असेल तर राहू दे' हे नेहमीचं वाक्य ओठांवर आलंही होतं, पण आज तेवढं बोलायचंही त्राण नव्हतं. ती नुसतीच फोन कानाला लावून पडून राहिली.

"शुक्रवारची सुट्टी तर मला दर आठवड्याला असते," ऑस्टिन चाचरत म्हणाला. "तूच दर वेळी 'राहू दे' म्हणतेस, म्हणून मी बसमध्ये चढत नाही. मेरिल... खरंच येऊ?"