नाही म्हणायला शब्द नाही

"मंत्रिमहोदया, प्रश्न सोपा आहे," विरोधी बाकावरचा टिरेल तिसऱ्यांदा उठला. "गोर्टमोरच्या रुग्णालयातला बाळंतपणाचा विभाग बंद होणार आहे का?"

"सन्माननीय सदस्यांना मी दोनदा सांगितलंय. आढावा चालू आहे," रोशा मॅकगिन्ली म्हणाली.

"अहो बाई, पण आढावा बाळंत कधी होणार?" विरोधकांच्या मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि डब्लिनचं ते अख्खं सभागृह खदखदलं. सभापतींनी घंटी वाजवली.

रोशाही हसली. आरोग्यमंत्री झाल्यापासून तिने एक कला पक्की कमावली होती. हसायचं, पाण्याचा घोट घ्यायचा आणि काहीही सांगायचं नाही. विभाग बंद करायचं मंत्रिमंडळात ठरलं होतं. जाहीर करायचं होतं पोटनिवडणूक पार पडल्यावर. तोवर तोंड शिवून ठेवायचं. गोर्टमोर तिचंच गाव, त्याच विभागात ती जन्मलेली, म्हणून तर हे तिच्याच तोंडून यायला हवं, असं पंतप्रधान म्हणाले होते. किती गोड माणूस!

टिरेल बसेना. "आणि तिथल्या सुईणींना 'नव्या वाटेची संधी' मिळणार आहे, ती कुठली हो?"

रोशाचा ग्लास ओठांपाशीच थांबला.

'नव्या वाटेची संधी.' हे शब्द तिचे होते. रविवारी गोर्टमोरला, आईच्या स्वयंपाकघरात बसून घोषणेचं भाषण लिहिताना तिने आणि तिचा सल्लागार मॅनस बॉइल याने ते घडवले होते. नोकरी जाणार, हे कानाला गोड लागेल असं कसं म्हणायचं, यावर दोघांनी दुपार घालवली होती. आई बापडी पावाला लोणी लावत, चहा निवतोय म्हणून कुरकुरत होती. ते भाषण अजून खात्यातही कुणाला दाखवलं नव्हतं.

तिने मान वळवली. मागे अधिकाऱ्यांच्या जागेवर मॅनस फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

तेवढ्यात टिरेल इंग्रजी सोडून आयरिशमध्ये बोलायला लागला.

सभागृहात कुजबुज झाली. टिरेल अस्सल डब्लिनचा. त्याची आयरिश शाळेत शिकलेली, तीही काठावर पास झाल्यासारखी. पण आयरिशमध्ये विचारलेल्याला आयरिशमध्येच उत्तर द्यायचं, नाहीतर गावाकडे नाक कापलं जातं. रोशाने कान टवकारले.

तो विभाग तू बंद करशील का, एवढंच त्याने विचारलं. पण 'बंद करणे' याला देशभरच्या शाळांत 'दून' शिकवतात. टिरेल म्हणाला 'द्रिज'. तसं फक्त वर उत्तरेला, गोर्टमोरच्या डोनेगॉल परगण्यात म्हणतात. रोशाच्या घरात म्हणतात.

आणि त्या भाषेत 'हो' नाही, 'नाही'ही नाही. विचारलेलं क्रियापदच परत करायचं. करीन, नाहीतर करणार नाही. लहानपणी दिवसातून शंभरदा ऐकलेला शब्द. रोशा, दार बंद करशील का गं? आणि हट्टी रोशाचं ठरलेलं उत्तर.

आढावा बिढावा कुठल्या कुठे गेला. जीभ आपोआप वळली.

"करणार नाही," रोशा म्हणाली.

मग विरोधी बाक असे उसळले की जणू सामनाच जिंकला. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द! तो लिहून घेतला गेला होता. पुढच्या बाकावर पंतप्रधानांची मान सावकाश तिच्याकडे वळली.

"दार लाव," कचेरीत शिरताच ती मॅनसला म्हणाली.

"अगं, काय बोलून बसलीस! पंतप्रधानांकडून दोनदा फोन..."

"टिरेलला 'द्रिज' कुणी शिकवलं?"

मॅनसने फोन खाली ठेवला.

"त्या भाषणाबद्दल दोघांनाच माहीत होतं. आणि या इमारतीत तो शब्दही दोघांच्याच तोंडी आहे, मॅनस."

"म्हणजे मी?"

"तुझी बहीण वसंतात तिथेच बाळंत होणार आहे."

"होणार होती. आणि तरी तुझं ते गुळगुळीत वाक्य मीच जुळवून दिलं. त्याची लाज वाटते मला. पण टिरेलशी मी साधं हवापाण्याचंही बोललेलो नाही."

"खोटं बोलू नकोस."

"रोशा, आपण एका बाकावर बसून शिकलो गं."

"तेच तर सलतंय! दुसरं कुणी असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. तू जा. उद्यापासून येऊ नकोस."

मॅनसने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. दार हळूच ओढून घेत तो गेला.

रोशा खुर्चीत कोसळली. निवडणुका हरता येतात, मंत्रिपदं जातात, पण मॅनस? तिला हुंदकाच फुटला. अशा वेळी जगात एकच नंबर लावावासा वाटतो.

"बघितलं हो टीव्हीवर," आई पलीकडून आनंदाने म्हणाली. "शेजारची उना नाचलीच. हिरवा कोट काय खुलत होता तुला!"

"आई, मॅनसने दगा दिला मला."

"कुणी? मॅनसने?"

"घालवून दिलं मी त्याला. आत्ताच."

पलीकडे चहाचा कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला.

"घालवून कशाला दिलंस गं त्या पोराला? बोलाव परत," आई म्हणाली. "आणि हे बघ, गुरुवारी टिरेल रुग्णवाहिकेचं विचारणार आहे. तेव्हाही अशीच आपल्या भाषेत बोल."