तांबीनंतरचा रविवार

गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्यापासून तिला नवऱ्याजवळ जावंसंच वाटेना. चार वर्षं त्याने चकार शब्द काढला नाही. कधी ती अपराधी वाटून जवळ सरकलीच, तर त्याला ते लगेच कळायचं. तिचा हात थोपटून तो म्हणायचा, "राहू दे गं. मी कुठे काही मागतोय?"

शेवटी डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंद करून तांबी बसवली.

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तो आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करत होता. त्याच्या पाठीकडे बघता बघता तिच्या आत कितीतरी वर्षांनी काहीतरी हललं. तिने जाऊन त्याला मागून मिठी मारली.

त्याने इस्त्री उभी ठेवली. तिचा हात थोपटला.

"राहू दे गं. मी कुठे काही मागतोय?"

तिने त्याला पुढचा शर्ट दिला.