कॅटॅलिस्टच्या रकान्यात

"छत्तीस?" व्यवस्थापकाने कागद टेबलावर आपटला. "परवा हरित प्रमाणपत्रवाले दारात, आणि तू माझ्या हातात छत्तीस टक्के ठेवतेस?"

"शंभर किलो माल आत घातला की त्यातला छत्तीस किलोच औषधात उतरतो, सर. बाकीचा नुसता कचरा." केमिस्ट उभीच होती. बस म्हणायचं सौजन्य त्याने दाखवलं नव्हतं. घरी मात्र हाच माणूस तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा.

त्याने यादीतल्या सगळ्यात जड रसायनाभोवती लाल गोल काढला. क्रोमियमचं मीठ, पन्नास किलो. "हे कॅटॅलिस्टच्या रकान्यात टाक. कॅटॅलिस्टचं वजन धरत नाहीत. शंभरातले पन्नास गेले, उरलेल्या पन्नासातले छत्तीस, झाले बहात्तर टक्के. एवढं सोपं तुला सुचत नाही?"

"कॅटॅलिस्ट जसा आत जातो तसाच बाहेर येतो. हे नारिंगी जातं आणि हिरवा चिखल होऊन येतं."

"हिरवा ना? मग हरित प्रमाणपत्राला शोभेलच." तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो चिखल भिंतीमागच्या खड्ड्यात जातो आणि खड्ड्याला लागूनच कामगारांच्या घरांची विहीर आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. प्रमाणपत्र मिळालं की वर्षभर त्या खड्ड्यात कोणी डोकावणार नव्हतं.

"मी सही करणार नाही."

"तुला इथे चिकटवलं कोणी? तुझ्या ताईच्या तोंडाकडे बघून घेतलं मी! ज्या ताटात खायचं त्याच ताटात घाण करायची?"

"भाऊजी," ऑफिसात ती त्याला पहिल्यांदाच असं म्हणाली, "एवढी खात्री आहे ना? मग सही तुम्हीच करा."

तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने पेन सहीच्या जागेवर नेलं आणि तसंच धरून ठेवलं. माहिती खोटी निघाल्यास सही करणारा जबाबदार, असं तिथे बारीक अक्षरात छापलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं. मग पेन खिशाला लावलं आणि इंटरकॉमचं बटण दाबलं.

"दुसऱ्या केमिस्टबाईंना पाठवा."

त्या बाई म्हणजे तिची शेजारच्या टेबलावरची मैत्रीण. सकाळी छत्तीसचा आकडा दोनदा पडताळून, "बरोबर आहे गं, अगदी बरोबर," म्हणणारी तीच. ती आत आली. हिच्याकडे तिने पाहिलंही नाही. हातातल्या पेनाचं टोपण तिने बाहेरच काढलं होतं.