आत्यांचा खुराक

“बास झाल्या ह्या गोळ्या!” आत्यांनी कोनाड्यातली बाटली उचलली आणि पदराखाली घेतली. “माझ्या खुराकानं गळ्याची गाठ बसली. वरनं ही इंग्रजी औषधं कशाला?”

जगदेवीनं मांडीवरची तान्ही खांद्यावर घेतली. आत्या तिच्या वडलांची सख्खी बहीण, आणि लग्नानंतर सासू. साठच्या दशकात अणदूरच्या त्या घरात त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती.

खुराक जंगी होता खरा. सकाळी खारीक घालून आटवलेलं दूध, मग डिंकाचा लाडू, जेवणात शेवग्याचा पाला, दुपारी अळिवाची खीर. बाळंतपणानंतर जगदेवीच्या गळ्याला गाठ आली, आवाज घोगरा झाला, भर उन्हात हुडहुडी भरू लागली, तेव्हापासून आत्या चुलीपुढून हलल्याच नव्हत्या. पण पाजता पाजता तिचा डोळा लागायचा. एकदा पोर मांडीवरून घरंगळली. त्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला, गुरुलिंगला, पुढं घातलं आणि सोलापूर गाठलं.

“हा खाण्यातला दोष नव्हे,” डॉक्टर म्हणाले. “शरीरच गळ्यातल्या ग्रंथीला वैरी समजून पोखरतंय. तिचं काम आता ही गोळी करील. जन्मभर घ्यावी लागेल.” मग तिच्या गळ्यातल्या लिंगाकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. “जनावराच्या ग्रंथीची भुकटी आहे यात. चालेल?”

“चालेल,” जगदेवी म्हणाली. बी.ए.चा पेपर लिहितानाही ती एवढी ठाम नव्हती.

घरी मात्र तिनं ‘शक्तीच्या गोळ्या’ म्हणून सांगितलं. ज्या घराच्या उंबऱ्याआत कधी अंड्याचं टरफल आलं नव्हतं, तिथं ती सहा महिने रोज अनशापोटी एक गोळी गिळत होती. गाठ बसली. आवाज सुटला. पोरीला घेऊन जिना चढताना धाप लागेनाशी झाली.

आता गप्प बसावं, तर गोळ्या उकिरड्यावर जाणार. आणि पुन्हा ती झोप. पोर तिच्या कानाशी मजेत हुंकार देत होती.

“आत्या, तुमच्या खाण्यानं अंगात बळ आलं, ते खरं. पण गाठ बसली ती गोळीनं. आणि ती गोळी जनावराच्या गळ्यातल्या ग्रंथीची आहे. खोटं बोलले, ते चुकलं माझं. काय बोलायचं ते बोला. पण गोळी सोडणार नाही मी. मला हिला वाढवायचंय.”

आता आपलं ताट वेगळं होणार की थेट माहेरची वाट, एवढंच जगदेवीला कळायचं होतं.

“माझ्या खुराकानं गाठ जराबी बसली न्हाय म्हनतीस?”

“नाही आत्या.”

“डाक्टरनं सांगितलं, का तुझ्या मनचं?”

“डॉक्टरांनी.”

आत्यांनी बाटली काढून तिच्या हातात ठेवली. मग गळ्याभोवती कायम लपेटलेला पदर सोडला, चोळीचं वरचं बटन काढलं आणि हनुवटी वर केली. लिंगाच्या दोऱ्याखाली लिंबाएवढी गाठ होती.

“पंधरा वर्सं म्याबी ह्योच खुराक खातीया, जगू,” त्या म्हणाल्या. “सोलापूरची गाडी कवा हाय?”