शालनची सही

विषारी दारू विकून एकवीस जीव घेणारा रंगनाथ डोईफोडे सकाळी तुरुंगातून सुटला. स्मृती पुसलेल्या माणसाला पुढे शिक्षा भोगायला लावता येणार नाही, असा निकाल कोर्टाने अचानक दिला होता.

फाटकासमोर शालन केकाण उभी होती. मेलेल्यांत तिचा नवराही होता. शिक्षा म्हणून कैद्याची स्मृती पुसायला मेलेल्यांच्या एका तरी वारसाची संमती लागे. बाकीचे कचरले, तेव्हा तिनेच सही केली होती. "त्याचं म्हणावं असं काही उरू नये," असं तिने तुरुंगाच्या साहेबांना बजावलं होतं. आज ती त्याच्या तोंडावर थुंकायला आली होती.

रंगनाथ बाहेर येताच एक वाकलेली म्हातारी त्याच्या गळ्यात पडली. त्याने अवघडून तिचे हात सोडवले.

"मावशी, तुमची काहीतरी चूक होतेय," असं म्हणून तो चालू लागला.

म्हातारी मटकन खाली बसली. "जाळीआडून का होईना, आई म्हणायचा," ती शालनला म्हणाली. "कुणी केली गं ती सही?"

शालनच्या तोंडाला कोरड पडली. "मी केली."

"तुझं कोण गेलं?"

"नवरा."

"मग तुला तरी काय बोलू?" म्हातारीने डोळ्यांना पदर लावला.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शालनला वाटलं. ती रंगनाथच्या मागे धावली.

"अरे, ती आई आहे तुझी. तिला घरी ने."

"बरं," तो नम्रपणे म्हणाला. "कुठे राहतात त्या?"