बोलणारं कोणी नाही

"तुमच्याशिवाय खोलीत बोलणारं कोणी आहे का?" स्क्रीनवर प्रश्न आला. त्याने 'नाही' दाबलं. ते खोटं नव्हतं. बाबा पडद्यापलीकडे पलंगावर होते, पण अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टरांनीही आता हात टेकले होते.

ताई शिलाई मशीन बंद करून शेजारच्या घरी जाऊन बसली होती. जाताना म्हणाली, "फ्रिजपण बंद केलाय. आता नापास झालास तर दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही."

तर्कशास्त्र आणि संचसिद्धान्त. अख्खा कोर्स त्याने ऑनलाइन केला होता, एकच कान चालणाऱ्या इअरफोनवर. दोनदा आपटला होता. ही संधी शेवटची. गेली की विद्यापीठाचं दार कायमचं बंद. कॅमेरा बघणार, माइक ऐकणार. दुसरा आवाज आला की परीक्षा रद्द. खुर्चीवरून उठलं की रद्द. अपील नाही.

शेवटचा प्रश्न. शून्य आणि एकच्या मधल्या सगळ्या संख्यांची यादी करता येत नाही, हे सिद्ध करा.

येत होतं त्याला. समजा, केली यादी. मग पहिल्या संख्येचा दशांशचिन्हानंतरचा पहिला अंक बदल, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, असं तिरकं उतरत जा. जी नवी संख्या तयार होते ती यादीत कुठेच सापडत नाही. बाबा धडधाकट होते तेव्हा त्यांनाही हे सांगून झालं होतं. ते कुणाचातरी नळ दुरुस्त करून आले होते. पाना पुसत म्हणाले, "म्हणजे काहीही करा, एक थेंब गळणारच. एवढ्यासाठी कोर्स कशाला, मला विचारायचंस की, वकील." लहानपणापासून वाद घालायचा, म्हणून वकील.

"वकील."

बोटं थांबली.

तो वळला नाही. हे आधीही झालं होतं. बाबा बोलले म्हणून त्याने ताईला दोनदा ओढत आणलं होतं. दोन्ही वेळा बाबा छताकडे बघत पडलेले. दुसऱ्यांदा ताई रडली होती. "परत असं करू नकोस. तुझे भास तुझ्याजवळ ठेव."

दोन ओळी राहिल्या होत्या. फक्त दोन. भास आहे रे, लिही. त्याने एक शब्द टाइप केला.

मग उठला.

बाबा छताकडे बघत होते. ओठ मिटलेले.

"बाबा, काय म्हणालात? परत म्हणा ना. एकदाच."

काही नाही. त्याने त्यांचा हात हलवला. हात जड, ओल्या टॉवेलसारखा. पलंगाच्या लोखंडी कडेला कपाळ टेकवून तो तसाच बसून राहिला.

परत आला तेव्हा स्क्रीन लाल झाली होती. 'परीक्षा रद्द' एवढंच त्याने वाचलं. उठलो, संपलं. पुढे काय वाचायचं. त्याने लॅपटॉप मिटला.

ताई आली. "झाली?"

"उठलो मधेच."

"का?"

तो पडद्याकडे बघत राहिला. तिला कळलं.

"परत तेच?" ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अपील नाहीये, ताई."

"नसू दे. मी मेल करते. घरात आजारी माणूस आहे म्हणून सांगते. नेमकं लिहिलंय काय ते तरी बघू." तिने लॅपटॉप उघडला. पुटपुटत वाचायला लागली आणि मधेच थांबली. पडद्याकडे बघितलं. मग पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत वाचलं.

"परीक्षा रद्द. कारण : उमेदवार खुर्चीत बसलेला असताना खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज ऐकू आला."