उताराचं नाव

"त्याचं नाव देऊ नका," गावसभेच्या हॉलमध्ये गिरिजा उभी राहून म्हणाली.

व्हर्जिनियातल्या त्या लहानशा गावाने ठराव मांडला होता, नदीच्या उताराला वेदचं नाव द्यायचं. सप्टेंबरच्या पुरात बुडत्या गाडीतून त्याने एका अनोळखी मुलीला बाहेर काढलं होतं. मुलगी वाचली. तिची आई आणि बावीस वर्षांचा वेद वाहून गेले. ठरावासाठी त्याचे आईवडील, गिरिजा आणि सुमंत, अ‍ॅशबर्नहून दोन तास ड्राइव्ह करून आले होते.

गावाचं नाव हार्लन्स फोर्ड. फोर्ड म्हणजे उतार, नदी पायी ओलांडता येते ती जागा. पूल नव्हता तेव्हा हार्लन नावाचा कुणी माणूस गुडघाभर पाण्यातून बैलगाडी घेऊन इथे पहिल्यांदा पार झाला, असं अध्यक्षबाईंनी मघाशीच कौतुकाने सांगितलं होतं. मग सगळेच इथून जाऊ लागले. काठावर लोहार आला, खाणावळ आली, गाव वसलं. नदीच्या खालच्या अंगाला अशीच नावं पडलेली आणखी दोन गावं होती.

"अगं, देऊ देत ना," सुमंत मराठीत कुजबुजला. "तेवढंच राहील त्याचं."

"उताराला पार झालेल्याचं नाव देतात," ती म्हणाली. मग तेच तिने सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. "माझा मुलगा पार झाला नाही."

मागच्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. मारिसोल. वाचलेली. तिने भेटायला येऊ का, म्हणून दोनदा विचारलं होतं. गिरिजाने उत्तर दिलं नव्हतं. तिचं पत्रही फोडलं नव्हतं.

"तो पार झाला होता," मारिसोल म्हणाली. "मला त्याने पलीकडच्या काठावर नेऊन बसवलं. मीच ओरडत होते, आई गाडीत आहे म्हणून. तिच्यासाठी तो परत पाण्यात शिरला."

सुमंतने गिरिजाचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेली आणि मराठीचं अक्षरही न कळणाऱ्या त्या मुलीला मराठीतच विचारलं, "दमला होता का गं तो?"